वर्ग खाली आणा की

नव्वदच्या दशकात ती उचगावहून कोल्हापुरात दूध घालायला यायची. नाव मी कधी विचारलं नाही. रिकामी चरवी शाळेच्या जिन्याखाली ठेवायची, पोलिओ झालेल्या लेकीला पाठीवर घ्यायची आणि वरच्या मजल्यावर माझ्या चौथीच्या वर्गात आणून बसवायची. जिन्याच्या वळणावर खिडकी होती. तिथं ती दम खायला थांबे आणि लेक हात बाहेर काढून कडुलिंबाची पानं कुरवाळत राही. कोवळ्या उन्हात दोघींची मिळून एकच सावली पायऱ्या चढायची.

एकदा मी म्हणाले, "हिला वेगळ्या शाळेत का घालत नाही? तुमचा त्रास वाचेल."

पदरानं मान पुसत ती म्हणाली, "वेगळी कशाला? हिच्या मैतरणी हितं हायत. एवढा कळवळा हाय तर वर्ग खाली आणा की, बाई!"

खाली मोडक्या बाकांनी भरलेली एक खोली होती. हेडसरांना विचारते म्हणाले. विचारलं नाही. दिवाळीनंतर तिची कंबर धरली म्हणे, आणि दोघी यायच्या बंद झाल्या.

अजून दुपारी डोळा लागला, की माझा वर्ग अलगद जिना उतरतो. फळा, बाकं, मुलं, सगळं. जिन्याखाली रिकामी चरवी तेवढी असते.