तो निघून चालला होता

अकोल्यात माझ्या हातून माणसं मेली, हे माझ्या बायकोला ठाऊक होतं. इथल्या आश्रमाच्या महाराजांनाही मी ते सांगून टाकलंय. पण आता जे सांगणार आहे, ते त्यांनासुद्धा नाही. कुणालाच नाही. तुम्ही ऐकताय, म्हणून तोंड उघडतोय – बघू, कुठवर जमतं.

किती माणसं, ते विचारू नका. जमिनीच्या एका दलालासाठी मी हे काम करायचो. तो नाव सांगायचा, मी जायचो. पोलीस कधी माझ्यापर्यंत आले नाहीत. मग बायकोला कॅन्सर झाला. शेवटी शेवटी ती माझ्या हातचं पाणी घेईना. शेजारीण आली की तिच्याकडून प्यायची. ती गेली, आणि मी अकोला सोडलं. कौंडण्यपूरला आलो, आश्रमात झाडलोट करायला लागलो.

पहाटे वर्धा नदीच्या घाटावर डोळे मिटून बसायचं. महाराज म्हणाले होते, ‘‘बसत जा. हळूहळू निवशील.’’ निवलो का? गावाला वाटायचं, निवलो. लोक मला देवीदासबुवा म्हणायला लागले. आणि मी डोळे मिटून – काय सांगू – आत नुसता कालवा. वर्षानुवर्षं बसलो, पण तो थांबला नाही. हेही कुणाला बोललो नाही. बुवा म्हणवून घेणं बरं वाटत होतं.

घाटाच्या वाटेवर रझियाबीची चहा-भज्यांची टपरी होती. नवरा वारलेला, टपरीवरच घर चालायचं. मला भाऊ मानायची. राखीच्या दिवशी आठवणीनं मनगटाला दोरा बांधायची. तिची जागा मोक्याची, आणि त्या जागेवर काही लोकांचा डोळा होता. आधी गोडीनं मागितली, ती हटली नाही. मग मागच्या उन्हाळ्यात एका भर दुपारी त्यांनी एक तरणा गडी पाठवला. अमोल त्याचं नाव, वलगावचा – हे मला नंतर कळलं.

त्याच्या हातात लोखंडी पाइप होता. त्यानं बरण्या फोडल्या. भज्यांची कढई लाथेनं उलटी केली. रझियाबी कोपऱ्यात ओरडत होती. मी जवळच आश्रमाच्या झाडांना पाणी घालत होतो, तसाच धावलो.

‘‘बाजूले हो, बुढ्या,’’ तो म्हणाला.

‘‘टाक तो पाइप.’’

एवढंच बोललो मी, आणि तेही हळू. पण तो आवाज बुवाचा नव्हता. त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. पाइप खाली पडला.

‘‘जातो मी, काका. मले फक्त भेव दाखवाले पाठवलं होतं.’’

आणि तो वळला.

गावात ही गोष्ट वेगळी सांगतात. त्या गुंडानं पाइप उगारला, म्हाताऱ्या बुवानं जिवावर उदार होऊन तो हिसकावला, झटापटीत एक तडाखा बसला – असं. मला शाल-नारळ दिला त्यांनी. मी तो घेतला.

झटापट झालीच नाही. तो पाठमोरा होता, निघून चालला होता. पाइप माझ्या पायाशी पडला होता आणि मी वाकलो. काहून वाकलो? रझियाबीसाठी? तिचं संकट तर टळलं होतं. रागाच्या भरात? राग असता तर निदान तसं सांगता तरी आलं असतं – नव्हता हो राग. कुठं मारलं की माणूस पुन्हा उभा राहत नाही, ते माझ्या हाताला ठाऊक होतं. मी तिथंच मारलं. मणक्यावर.

तो कोसळला. आणि माझ्या आतला कालवा थांबला.

नदीकाठी बसून जी शांतता मला कधी मिळाली नाही, ती तिथं मिळाली – सांडलेल्या तेलात उभं राहून, एक पोरगं पायाशी तडफडत असताना. मला ती अजून हवी होती. मी पाइप पुन्हा उचलला.

‘‘बस करो, भाई! वो जा रहा था!’’

रझियाबी किंचाळली, म्हणून मी थांबलो. नाहीतर थांबलो असतो? नाही.

पोलीस आले. रझियाबी म्हणाली, ‘‘पयले त्यानंच पाइप उगारला, साहेब.’’ मी शेजारी उभा होतो, मान हलवली. तिनं उपकाराची फेड केली, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. पण ते बोलताना ती माझ्या हातांकडे बघत होती. ती मला भ्याली होती. महिन्याभरात टपरी मोडून ती दर्यापूरला बहिणीकडे निघून गेली. जाताना मला भेटली नाही. ज्यांना तिची जागा हवी होती, त्यांना ती आयतीच मिळाली. त्यांच्या पाइपानं जे झालं नाही, ते मी करून दिलं.

दिवाळीनंतर मी वलगावला गेलो. सगळं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. अमोलची माय दारातच भेटली.

‘‘दवाखान्यातले का तुमी?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ठरवलेलं सगळं तिथंच संपलं.

अमोल खाटेवर होता. कमरेखाली काही हलत नाही त्याचं. त्यानं मला पाहिलं, ओळखलं. चादर मुठीत घट्ट धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

‘‘बोल ना रे काकासंगं,’’ माय म्हणाली. मग मला, ‘‘लाजते थो आता लोकायले.’’

तिनं चहा आणला. समोर बसली, पदरानं कपाळ पुसलं.

‘‘त्या बुवानं एवढं काहून मारलं असन हो? हा सांगतच नाई. तुमी पाह्यलं का त्याले कदी?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

चहा संपवला. कप खाली ठेवला. तिनं अजून घ्या म्हटलं, तर अजून घेतला.