शिदोरीच्या अंतरावरचं सासर

वर्तमानपत्रात मुंबई–नैरोबी विमानाचं वेळापत्रक दिसलं आणि मला चामोर्शीची ती ओसरी आठवली. नैरोबीला नोकरी करणारा मी तिथे मुलगी मागायला बसलो होतो आणि अंगणात वाळणाऱ्या मोहफुलांचा वास दरवळत होता. मुलीचे वडील म्हणाले, "शिदोरी आंबायच्या आत पोहचता येते, तेवढ्याच दूर पोरगी देतो आमी. तुमचं घर किती दूर हाये?" मी छाती काढून सांगितलं, "तीन हजार मैल, पण विमानानं एकच दिवस." लग्न ठरलं. मुंबईपर्यंतच बैलगाडी, मोटार आणि आगगाडीचे तीन दिवस जातात, हे मी बोललोच नव्हतो. विमानतळावर बायकोनं शिदोरी सोडली आणि आंबूस भपकारा आला. माझा चेहरा पडला. तिनं अर्धी भाकर मला दिली. "खा. मी आतून आइकत होती, मले तवाच समजलं होतं. बाबाले चिठ्ठीत लिहू नका." आम्ही अजून लिहिलेलं नाही.