गुलाब मिस्त्रीची धुनी

गुलाब मिस्त्री म्हणजे माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांसमोर बाईनं तोंड वर करून बोलू नये म्हणतात. मी बोलते. माझं तोंड असंच आहे, कामठ्यात कोणालाही विचारा. आमचं अंगण एक, घरं दोन, आणि मधात एक बोरिंग. त्यांच्या घरात कोणी रडलं की मला ऐकू येतं, मी ओरडली की त्यांना.

माणूस सरळ. गावातली अर्धी घरं त्यांच्या हातची. विहार बांधला तेव्हा एक पैसा मजुरी घेतली नाही. पण आपल्यातल्या कोणी म्हटलं, मिस्त्री, इथं देवासाठी एक कोनाडा ठेवा, की थापी खाली. "तुह्या आज्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या का नाही? मंग कोनाडा कायले पायजे?" एवढं भर उन्हात ऐकवायचं आणि सायकल काढून घरी यायचं. पौर्णिमेला विहारात वंदना तेच घेत. माईक लागायचाच नाही त्यांना.

एकदा आमच्या मोहल्ल्यातल्या ललिताचा पोरगा बंटी काविळीनं आडवा झाला. ललितानं कुठून तरी मातेचा काळा दोरा आणला आणि त्याच्या दंडाला बांधला. झालं! भासऱ्यांना कळलं. पौर्णिमेला त्यांनी तिला पोरासकट साऱ्यांसमोर उभं केलं आणि तिच्याच हातानं तो दोरा सोडायला लावला. गाठ काही सुटेना. शेवटी तिनं दातानं तोडला. मी समोरच बसली होती, आणि खोटं कायले सांगू, मला बरं वाटलं. आपला माणूस कसा ताठ आहे, असं वाटलं. बंटी दवाखान्यातून बरा होऊन आला, पण ललितानं विहारात येणं सोडलं.

भासऱ्यांना एकच मुलगा, प्रफुल. त्याची बायको अल्का. लग्नानंतर लय वर्षं वाट पाहायला लावून रेणू झाली. गोरी नाही, गुबगुबीत नाही, नुसते डोळे. दूध प्यायला लागली की घामानं भिजायची, दोन घोट घेऊन थकून सोडून द्यायची. आम्ही म्हणायचो, आळशी आहे पोट्टी. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टर आले, त्यांनी छातीला नळी लावली आणि कितीतरी वेळ काढलीच नाही. मग नागपूर. तिथं सांगितलं, हृदयाला मोठं भोक आहे, छाती उघडून बुजवावं लागेल.

अल्का ऐकून भिंतीला टेकून बसली. भासरे मात्र उभे होते. घरी येऊन त्यांनी साऱ्यांना अंगणात बोलावलं.

"हे विज्ञान आहे," ते म्हणाले. "आपला भरोसा विज्ञानावर. कोनी अंगारे-धुपारे घेऊन या अंगनात आलं, तं माह्यासंगं गाठ आहे."

मग तयारी सुरू झाली. डॉक्टरनं बजावलं होतं की पोरीला सर्दी-खोकला होऊ देऊ नका, छाती साफ असली तरच ऑपरेशन. भासरे फाटकात खाट टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "खोकला आहे का?" मी एकदा शिंकली तर मला माझ्याच अंगणातून हाकललं. मी काय ऐकून घेते? मीही चार शब्द सुनावले. पण मनातून वाटलं, बाप्पा, असा आजा साऱ्या लेकरांना मिळो.

जायच्या आधी घरी परित्राण पाठ ठेवला. भंतेजी आले. पाण्याचं मडकं, पांढरा दोरा, सारा मोहल्ला पांढऱ्या कपड्यांत. दोरा साऱ्यांच्या हातातून फिरला आणि शेवटी रेणूच्या मनगटाला बांधला. तेव्हाही भासरे उठून म्हणालेच, "दोऱ्यानं भोक बुजत नाही. पाठ मनाच्या शांतीसाठी असते. भोक डॉक्टर बुजवन."

मनाची शांती काही त्यांना मिळाली नाही. नागपूरला सही घेताना डॉक्टरनं सांगितलं होतं, सगळीच लेकरं टेबलावरून परत येतात असं नाही, हे तुम्हाला सांगणं आमचं काम आहे. सही प्रफुलनं केली, पण ते वाक्य भासऱ्यांच्या छातीत बसलं. जेवताना घास हातातच राहायचा. त्याच दिवसांत त्यांनी बांधलेली एक भिंत वाकडी गेली. गुलाब मिस्त्रीची भिंत! मालक काही बोलला नाही, यांनीच पाडली आणि पुन्हा बांधली.

त्यांच्या हाताखाली दुधराम नावाचा माणूस आहे. धानाची थोडी शेती आहे त्याची, बाकी दिवस यांच्यासोबत माल कालवतो. त्याची आत्या रुख्मा सालेकशाकडच्या जंगलातल्या गावची. तिच्या अंगात माता येते. आजारी लेकराला ती धुनी देते, म्हणजे निखाऱ्यावर लोभान आणि कसल्या कसल्या पाला-मुळ्या टाकून लेकराला त्या धुरात धरायचं. दुधरामनं आजवर कितीदा मातेचा प्रसाद आणला असेल, भासऱ्यांनी कधी हात लावला नाही. आता आत्या त्याच्याकडे पाहुणी आली होती. पुढचं मला नंतर दुधरामनंच सांगितलं, मान खाली घालून.

भासरे त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आत्याबाई आहे का घरी?"

दुधरामला कळेना. "आहे नं. काऊन?"

"संध्याकारी पोरीले घेऊन येतो."

"मिस्त्री, तुमीच तं म्हनता हे सारं..."

"म्हनतो. उद्याही म्हनीन. आज तू चूप राय."

दुधराम भला माणूस. तो म्हणाला, आधी डॉक्टरचं होऊ द्या, मातेचं काय, नंतरही करता येते. तर भासऱ्यांनी त्याच्यासमोर हात जोडले. ज्याच्या घरचं प्रसादाचं केळं त्यांनी कधी खाल्लं नाही, त्याच्यासमोर.

रेणूला ते रोज संध्याकाळी कालव्यापर्यंत फिरवून आणत. त्या दिवशी कालव्याकडे न जाता दुधरामच्या घरात शिरले. दार लावून घेतलं. रुख्मानं निखाऱ्यावर लोभान टाकला, धूर उठला, पोट्टी खोकायला लागली. रुख्मा म्हणाली, "पुरे झालं, लेकरू नाजूक आहे." आणि आमचे भासरे म्हणाले, "थोडी अजून द्या, आत्याबाई. थोडी अजून." रुख्मानं पोरीच्या कपाळावर लावलेली राख त्यांनी निघताना दुपट्ट्यानं पुसली, आणि पोरीला आणून अल्काच्या मांडीवर दिलं.

दोन दिवसांनी नागपूर. मीही गेली होती, अल्काला आधार म्हणून. डॉक्टरबाईनं छाती तपासली आणि कपाळाला आठ्या पडल्या. छातीत घरघर होती. फोटो काढला, पुन्हा तपासलं. म्हणाल्या, "अशा छातीला भूल देता येणार नाही. ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. हिला धुराचा त्रास झालाय का? घरात चूल आहे?"

चूल होती. अंगणात, आंघोळीच्या पाण्यासाठी. तिच्यासमोर अल्काच बसायची. प्रफुलनं बायकोकडे पाहिलं. "तुले सांगितलं होतं नं, पोरीले घेऊन चुलीपाशी बसू नको म्हनून?"

"मी नाही नेलं तिले," अल्का एवढंच म्हणाली.

आणि मी! मी काय गप्प बसणार? दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, परक्या लोकांसमोर मी तिला बोलली. "एवढंसं लेकरू सांभाळता येत नाही तुले? मोबाइल पाहत बसली असशील! आता काही झालं तं तोंड कोनाले दाखवशील?" मी बोलत गेली आणि ती ऐकत गेली. भासरे तिथंच होते. हातात पिशवी, नजर फरशीवर. त्यांनी एकदा तोंड उघडल्यासारखं केलं. मला वाटलं, सुनेला तेही दोन शब्द बोलतील. बोलले नाहीत. माणूस किती मोठ्या मनाचा, असं मी तेव्हा म्हटलं.

परत आलो. पोट्टीची छाती मोकळी व्हायला दिवस लागले, आणि तेवढ्यात तिचं सुटायला लागलेलं अंग पुन्हा उतरलं. रडली की ओठ निळे पडायचे. म्हणून तिला कोणी रडू द्यायचं नाही. अल्का दिवसभर तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरायची. मोहल्ल्यातल्या बायका यायच्या आणि जाताना चुलीकडे एक नजर टाकून जायच्या. प्रफुल बायकोशी कामापुरतं बोलायचा. त्यानं ती चूल फोडून टाकली.

भासरे अल्काच्या हातचं पाणी घेईनात. ती लोटा घेऊन आली की म्हणायचे, ठेव तिथं. मग स्वतः बोरिंगवर जाऊन ओंजळीनं प्यायचे. मला राग यायचा. एवढीही शिक्षा कायले द्यावी सुनेला? ते तिला शिक्षा देत नव्हते, हे मला कुठं माहीत होतं.

एकदा मी त्यांना ललिताच्या फाटकात उभं पाहिलं. ललिता बाहेर आली. कितीतरी वर्षांत दोघं बोलले नव्हते. ती म्हणाली, "गुलाबभाऊ, नात कशी आहे?" हे म्हणाले, "बरी आहे." आणि तसेच उभे. तिनं आत बोलावलं तर मान हलवून परत फिरले.

नवी तारीख आली, तिच्या आधी पौर्णिमा पडली. विहार भरला होता. वंदना सुरू करायला सारे भासऱ्यांची वाट पाहत होते. ते उठले, पण समोर जाऊन बसले नाहीत. जिथं ललिताला उभं केलं होतं तिथं जाऊन उभे राहिले.

"आजपासून वंदना दुसरं कोनी घेईन," ते म्हणाले. आवाज एवढा बारीक की मागच्यांना ऐकू गेला नाही. "पोरीले म्या धुनी देली. दुधरामच्या घरी नेऊन, चोरून. ऑपरेशन माह्यानं थांबलं. सुनेले तुमी सारे बोलले अन् म्या ऐकत राहिलो. ललितालेही म्या इथंच उभं केलं होतं. तिचा तं दोराच होता. दोऱ्यानं कोनाचा जीव जात नाही."

एखाद्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. प्रफुल उठून बाहेर गेला. माझ्या अंगाची आग आग झाली, त्यांच्यावर नाही, माझ्याच जिभेवर. भासरे तिथंच उभे होते, त्यांना बसा म्हणायचंही कोणाला सुचलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्यानं वंदना सुरू केली.

अल्का विहारात नव्हती, ती पोरीजवळ घरी होती. मीच घरी येऊन तिला सांगितलं आणि तिचे हात धरले. म्हटलं, माझं चुकलं माय. मला वाटलं, ती ओरडेल, सासऱ्यांच्या नावानं बोटं मोडेल. ती उठली आणि नागपूरच्या पिशवीत दुपटी भरायला लागली. भासऱ्यांना ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही, गाडीतही नाही.

या वेळी छाती साफ निघाली. पोट्टीला आत नेलं. मनगटाचा पांढरा दोरा नर्सनं कापून अल्काच्या हातात दिला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. भासरे बसलेच नाहीत, भिंतीशी उभे. चहा आणला तर घेतला नाही. दार उघडलं की पुढं व्हायचे, दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारलं की मागं सरायचे.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. "भोक बंद झालंय. रक्तदाब चांगला आहे. काचेतून पाहू शकाल."

प्रफुल तिथंच खाली बसून रडायला लागला. मीही रडली. आणि भासरे पुढं आले, त्यांनी दुपट्टा गळ्यातून काढला आणि सुनेच्या पायाशी वाकले. अल्का झटकन मागं झाली.

"बाबा, असं करू नका."

"मले माफ कर म्हनत नाही, बाई. पन मले बोल. शिव्या दे. माह्यापायी तू साऱ्या गावाचं ऐकलं."

अल्का बाकावर टेकली.

"मले माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "तुमी पोरीले मांडीवर देलं तवाच. तिच्या केसाले लोभानाचा वास येत होता. कानामागं राख राहिली होती."

मी तिच्याकडे पाहतच राहिली. "मंग बोलली काऊन नाही? डॉक्टरबाई विचारून राहिली होती, तवा तं सांगायचं! एवढं ऐकून घेतलं माह्यं!"

"मले वाटलं, सांगितलं तं धुनीचा गुन जाईन." तिनं हातातला कापलेला दोरा मुठीत घट्ट धरला. "म्हनून म्या दोन दिवस तिचं डोस्कंही धुतलं नाही, काकी."