गादीवालीची सोयरीक

तिला सगळे भोंगा म्हणायचे. आवाज होताच तसा. गाद्यांच्या कारखान्यात ती बोलली की रस्त्यापलीकडचा न्हावी वस्तरा थांबवायचा. आणि तिच्या शेजारी बसून काम करणारा तिचा दादा मात्र जन्मापासून बहिरा. ती कापूस भरायची, तो दाभणानं टाके घालायचा, आणि गिऱ्हाइकाच्या नाकासमोर दोघं हातवाऱ्यांनी त्याचीच टिंगल करायची.

घरात नात्यांचा नुसता गुंता होता. आई-बाबा आते-मामे भावंडं. त्यामुळे आत्या ही आईची नणंदही आणि मामेबहीणही. आजी-आजोबासुद्धा आधीपासून एकमेकांचे कुणीतरी लागतच होते. आत्याचं लग्नही नात्यातच झालेलं. भोंगा लग्नाची झाली तेव्हा आत्यानं तिला आपल्या मुलासाठी मागितलं. मागितलं कसलं, ठरवूनच टाकलं. "घरातली पोर घरातच राहील," म्हणाली.

आतेभाऊ गॅरेजात मेकॅनिक होता, सरळ माणूस. तो कारखान्यात येऊन गाद्यांच्या थप्पीवर बसला.

"तुला काय वाटतं?"

"लहानपणी तुझा शेंबूड पुसलाय मी," भोंगा म्हणाली. "आता तुझ्याकडे बघून लाजू कशी?"

तो पोट धरून हसला. मग हळूच म्हणाला, "आणि मुलं? माझ्या आईचं पहिलं बाळ पाळण्यातच गेलं. त्याबद्दल कुणी बोलतच नाही."

दादा त्यांचे ओठ वाचत होता. त्यानं दाभण खाली ठेवलं आणि हातांनी विचारलं, 'माझ्यासारखं मूल होईल म्हणून घाबरतेस?'

भोंगानं हातातला कापूस खाली टाकला. मग तिनं हातांनीच सांगितलं, 'तुझ्यासारखं झालं तर डोक्यावर घेऊन नाचेन. पण पाळण्यातलं बाळ गेलेलं मला सोसणार नाही. आधी विचारून तरी घेऊ.'

दवाखान्यात दादाचं आणि आई-बाबांचं रक्त तपासलं. निकालाच्या दिवशी सगळं घर गेलं; आत्या तर डॉक्टरीणबाईंना चार शब्द सुनावायलाच आली होती.

"प्रत्येकाच्या अंगात काही ना काही दोष लपलेला असतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच बाजूनं आला तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असली, की तोच दोष बाळाला दोघांकडून मिळण्याची शक्यता वाढते. तुमच्याकडे तर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. या दोघांची मुलं धडधाकट होतीलही, पुष्कळांची होतात. पण धोका आहे."

"पोराच्या बहिरेपणाचा दोष वहिनीकडचाच ना?" आत्यानं विचारलं.

"नाही. अर्धा आईकडून, अर्धा बाबांकडून. अगदी सारखा."

आई खुर्चीत ताठ झाली. दादाच्या जन्मापासून तिनं ऐकलं होतं, की पोटुशी असताना तिचंच काहीतरी चुकलं. ती नवऱ्याकडे वळली.

"ऐकलंत? अर्धा तुमचा!"

"मग आजवर सगळा तूच कसा घेतलास?" बाबा पुटपुटले.

"घेतला नाही, तुम्ही लोकांनी गळ्यात मारलात!" आणि ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बाबांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," म्हणाले, सगळ्यांदेखत.

आत्याचा आवाज मात्र एवढासा झाला होता. "माझ्या बाळाचंही असंच झालं असेल?"

"असू शकेल. आता नक्की सांगता येणार नाही. पण तुमची चूक नव्हती."

आत्यानं आईचा हात धरला, तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

लग्न बारगळलं. मेकॅनिकनं लगेच बेकरीवालीचं नाव पुढे केलं. सहा महिने नुसते पाव आणून आणून त्यानं घर भरलं होतं, तरी कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

भोंगाकडे पुढे कारखान्याची पाटी रंगवायला एक अबोल रंगारी आला. पाटी संपेना. तो दादाकडून हातांची भाषा शिकत बसला आणि एक दिवस घाम पुसत त्यानं दादाकडे मागणी घातली. हात चुकले. 'मला तुझी बहीण हवी' ऐवजी 'मला तुझी गादी हवी' झालं. दादानं गंभीर चेहऱ्यानं भाव सांगितला, आणि मग हसता हसता थप्पीवरून खाली पडला.

भोंगाच्या लग्नात पहिल्यांदाच अर्धा मांडव अनोळखी माणसांनी भरला. आत्या आधी जरा बावरली. मग तिच्या लक्षात आलं, की यांच्यापैकी कुणीच तिच्या गोष्टी ऐकलेल्या नाहीत. तिनं रंगाऱ्याच्या मावशीला कोपऱ्यात गाठलं, तिच्या शेजारी बस्तान ठोकलं आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली.