फेलिशिया नव्हे, सुमिना

अराबाशी भांडायचं असेल तर पोटभर खाऊन यावं, असं आमच्या किनाऱ्यावर म्हणतात, कारण मधे जेवायला सुट्टी मिळत नाही. घानाच्या या फान्ते पट्ट्यात तोंडाळ बायकांना काही तोटा नाही. मासळीचा धंदाच तसा. जी गप्प बसते तिची पाटी भरलेली तशीच घरी परत येते. पण बाकीच्या बायका भावासाठी भांडतात, होडीच्या वाट्यासाठी भांडतात. अराबा एकदाच खरी भांडली, ती नावासाठी. तेही शाळेशी, शाळेच्या मॅडमशी, आणि लोक म्हणतात की देवाशीसुद्धा.

नाव तिच्या लेकीचं. सुमिना. सुमिना म्हणजे उकिरडा.

नाक मुरडू नका. तुमच्याकडे धोंडू, दगडू, केरू असतात की नाही? तेच हे. अराबाची आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथ्या वेळी पोर जन्मली तशी तिला जुन्या गोणपाटात गुंडाळलं आणि गावाबाहेरच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारची एसाबा आजी 'सहज' तिकडून चालली होती. ती मोठ्याने ओरडली, "अगं बाई, ही कुणी टाकली? कसली काळीबेंद्री घाण!" आणि पोर उचलून आणून तिने अराबालाच विकली, एका नाण्याला. सौदा सगळ्या गल्लीसमोर झाला. मरण कुठे दबा धरून बसलं असेल तर त्यालाही कळू दे, की हा टाकाऊ माल आहे, त्याच्या कामाचा नाही.

तेव्हापासून सगळा किनारा त्या पोरीला शिव्या घालायचा. नवा फ्रॉक घातला की बायका म्हणायच्या, "शी! काय ध्यान दिसतंय!" गालावर खळी पडायची, डोळे टपोरे, पण तिला कुणी चुकूनसुद्धा गोड म्हटलं नाही. एकदा शहरातून आलेला एक पाहुणा "किती सुंदर मुलगी" म्हणाला, तर एसाबा आजीने त्याला अंगणातून घालवून दिलं. पोर मात्र शिव्या खाऊन खाऊन छान वाढली, चार वर्षांची झाली.

पण खोकला लागला. अराबाचा धंदा मासळीला धुरी द्यायचा. अंगणात मातीच्या गोल भट्ट्या, त्यांवर जाळ्या, जाळ्यांवर हेरिंग मासे, आणि दिवसभर धूर. अराबाचे डोळे कायम लाल. नवऱ्याला कोबिनाला लग्नाच्या पहिल्या वर्षी वाटायचं, ही रोज रडते. पोर त्या धुरातच खेळायची आणि संध्याकाळी खोकून खोकून वाकडी व्हायची. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "हिला धुरातून काढ. नाहीतर..."

"पुढचं बोलू नका," अराबा म्हणाली. "काढते."

काढणार कुठे? त्याच वर्षी बेथेल मिशनच्या शाळेने नर्सरी काढली होती. टेकाडावर, वाऱ्यावर, तिथे धुराचं नाव नाही. मंगळवारी समुद्राची सुट्टी, त्या दिवशी कुणी मासे धरायचे नाहीत; होड्या वाळूवर, भट्ट्या गार. अराबाने पोरीला घासूनपुसून अंघोळ घातली, स्वतः चांगलं कापड नेसली आणि शाळा गाठली. एसाबा आजीही बरोबर निघाली. पोर तिला सापडली होती ना, मग तिचाही हक्क होताच.

नर्सरी खुद्द मुख्याध्यापिकाच सांभाळायच्या. मॅडम डॉर्कस क्वांसा. कडक इस्त्रीचा ड्रेस, डोक्यावर टोप, आवाज असा की वर्गातल्या माश्यासुद्धा शिस्तीत बसाव्यात.

"नाव?"

"सुमिना."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अराबा, हे देवाचं घर आहे. इथे उकिरडा नाही. मी हिला फेलिशिया लिहिते. म्हणजे सुखी. छान आहे ना?"

"छान आहे, तेच तर नको," अराबा म्हणाली.

"ख्रिस्ताने मरणाला जिंकलं, यावर तुझा विश्वास नाही?"

"आहे, दर रविवारी असतो. पण मॅडम, माझ्या तिघांची नावं तुमच्याच चर्चात पाणी शिंपडून ठेवली होती. फार सुंदर नावं होती. तिन्ही थडग्यांवर अजून सुंदरच दिसतात."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही उद्या वीस वर्षांची होईल. नोकरीला जाईल, लग्नाची होईल. आई, माझं नाव उकिरडा का ठेवलंस, असं तुझ्याशी भांडेल, तेव्हा काय सांगशील?"

"भांडू दे की! पोटभर भांडू दे!" अराबाचा आवाज चढला. "भांडायला जिवंत तर पाहिजे!"

"बरोब्बर," एसाबा आजी म्हणाली आणि दाराबाहेर जाऊन थुंकून आली.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "शाळेत मी फेलिशियाच म्हणणार. पटत असेल तर ठेव, नाहीतर ने." अराबाने पोरीकडे पाहिलं. पोर तिथेही खोकत होती. नेणार कुठे, धुरात? ती म्हणाली, "तुम्ही फेलिशिया म्हणा. मी सुमिना म्हणणार. बघू या."

घरी कोबिना जाळं विणता विणता म्हणाला, "अगं, शाळेत एक, घरात एक. सगळ्यांची असतात दोन दोन नावं. तुला काय त्रास?"

"मरणाला काय शाळेत यायची बंदी आहे?" अराबा कडाडली. "तिथे ही सुखी, सुंदर म्हणून बसलेली दिसली, तर ते काय म्हणेल, राहू दे, शाळा सुटल्यावर बघू?"

कोबिनाने जाळ्यात मान घातली. शहाणा माणूस.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं ते बघायला लोक मुद्दाम टेकाड चढून यायला लागले. सकाळी मॅडम हजेरी घ्यायच्या. "फेलिशिया!" की लगेच भिंतीबाहेरून आवाज यायचा, "सुमिना!" आणि आतली चिमुरडी खणखणीत सांगायची, "हजर!" पोरं खिदळायची. मॅडमच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्यांनी फाटक बंद करवलं, तर अराबा मागच्या बाजूला नारळाखाली जाऊन उभी. डोक्यावर मासळीची पाटी, कमरेला कापड खोचलेलं, आणि नरड्यात तोच आवाज. खाली बंदरावर तो ऐकू आला की बायका म्हणायच्या, "चला, हजेरी झाली." गिऱ्हाइकं विचारायची, मासळी केव्हा आणणार? अराबा म्हणायची, मॅडमना ऐकू आलं की आणते.

मॅडमही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. एका दुपारी फाटकाशी त्यांनी अराबाला गाठलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "उद्या भिंतीबाहेरून एक शब्द आला, की पोर कायमची घरी. पास्टरांशी बोलले आहे मी."

त्या रात्री या भांडणात अराबा पहिल्यांदा रडली. धुराचं निमित्त नव्हतं; भट्ट्या विझलेल्या होत्या. शाळेत गेल्यापासून पोर रात्री शांत झोपत होती, खोकला निम्म्यावर आला होता. नाव राखावं तर श्वास जातो, श्वास राखावा तर नाव जातं. आईने करायचं काय?

सकाळी ती नारळाखाली गेली, पण कापडाचा पदर दातांत घट्ट धरून. आतून हाक आली, "फेलिशिया!"

सगळीकडे गप्प.

"फेलिशिया, हजर म्हण."

पोर उभी राहिली, पण तोंड उघडेना. तिला आईच्या आवाजाची सवय. आवाज आलाच नाही, तर ही बोलणार कशाला? मॅडम म्हणाल्या, "मग म्हणेपर्यंत उभीच राहा." ती राहिली. गाणं झालं, प्रार्थना झाली, रंगकाम झालं, ही आपली उभी. आईचीच लेक ती. भिंतीबाहेर अराबाही उभी. ऊन डोक्यावर आलं, पाटीतली मासळी अजून विकायची होती, पण तिचे पाय निघेनात. पोरीचा अभिमान वाटत होता आणि तिची दयाही येत होती.

मधल्या सुट्टीत मुलांना उकडलेले शेंगदाणे वाटले. मॅडमनी सुमिनाच्याही हातावर ठेवले. शिस्त झाली तरी पोरं उपाशी ठेवणाऱ्या त्या नव्हत्या. सुमिनाने मूठभर तोंडात कोंबले आणि नेमका तेव्हाच खोकला आला.

अराबाला आधी पोरांची किंकाळी ऐकू आली. मग मॅडमचा आवाज, "फेलिशिया! काय झालं? फेलिशिया, श्वास घे! बाळा, श्वास घे!" पाठीवर थापा पडल्याचे आवाज. "येशू! येशू! फेलिशिया!"

आणि मग तो इस्त्रीचा आवाज फाटला. आतून जे ऐकू आलं ते कुठल्या शाळेतलं नव्हतं, ते बंदरावरचं होतं.

"सुमिना! ए सुमिना! ए उकिरड्या! कुठे चाललीस गं घाणेरडे! तुला कोण घेणार? कुणाला हवीस तू? कुण्णाला नको आहेस! काळतोंडे, कुजके, थुंक! थुंक ते! सुमिना!"

पाटी कुठे पडली ते अराबाला कळलं नाही. भिंत तिने कशी ओलांडली तेही नाही. कापड मात्र भिंतीवरच्या काचांना अडकून टरकन फाटलं. ती पोचली तेव्हा मॅडम वर्गात जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. टोप एका बाकाखाली गेला होता, डोक्यावरचे पांढरे केस उघडे पडले होते. गुडघ्यांवर पोर पालथी, आणि मॅडमचा हात अजून तिच्या पाठीवर पडतच होता. समोर फरशीवर एक शेंगदाणा. पोर मोठमोठ्याने रडत होती. इतकं गोड रडणं अराबाने जन्मात ऐकलं नव्हतं.

"पुरे मॅडम," ती म्हणाली. "आली ती. आता मारून टाकाल."

मॅडमचा हात थांबला. अराबाने पोरीला उचलून छातीशी धरलं. पोरं भिंतीला चिकटून बघत होती.

"मी काय काय बोलले, मला आठवत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मला आठवतंय. अर्ध्या बंदरालाही आठवेल."

"ते शब्द माझे नव्हते. माझ्या आईचे होते. माझ्या पाठच्या भावाला म्हणायची ती. त्याचंही नाव असंच काहीतरी ठेवलं होतं, उकिरड्याहून वाईट."

अराबाने विचारलं, "जगला?"

"नाही." मॅडमनी फरशीकडे पाहिलं. "नाव घाण ठेवलं, मरणाला नकोसा वाटावा म्हणून गालांवर चिरा पाडल्या, शिव्या दिल्या, तरी गेला. मी सात वर्षांची होते. तेव्हापासून मला या नावांची चीड आहे, अराबा. खोटा धीर देतात ती. आईला वेडी आशा लावतात."

असं काही ऐकलं की कुणीही खाली बसलं असतं. अराबा बसली नाही. फाटलं कापड तिने एका हाताने कमरेला आवळलं.

"मॅडम, मला काय ठाऊक नाही का? नाव म्हणजे काही दगडी भिंत नव्हे. यायचं असेल ते येतंच. पण तुमच्या आईने आपलं पोर मुकाट्याने देऊन टाकलं का? नाही ना? शेवटपर्यंत शिव्या घातल्या ना तिने?"

"शेवटपर्यंत," मॅडम म्हणाल्या. "नंतरसुद्धा."

"मग झालं तर! मीही मुकाट्याने द्यायची नाही. तिघांना दिलं, सुंदर नावांनी, हात जोडून. हिच्यासाठी भांडणार. आणि आत्ता तुम्हीही भांडलात. माझ्यापेक्षा चांगल्या भांडलात. आता पास्टरांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझी पोर सुमिना आहे. ठेवता की नेऊ?"

मॅडम बाकाला धरून उठल्या. त्यांनी टोप उचलला, झटकला, पण डोक्यावर घातला नाही; टेबलावर ठेवून दिला. मुलांना ओळीत बसवलं. म्हणाल्या, "सकाळची हजेरी चुकली. परत घेते."

एकेक नाव झालं, एकेक बारीक आवाज "हजर" म्हणाला. अराबाने पोरीला खाली उतरवलं आणि ओळीत नेऊन बसवलं.

"सुमिना."

घसा बसलेला, नाक गळत होतं. पोर पुटपुटली, "हजर."

"ऐकू नाही आलं," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते आणि आवाज परत तसाच कडक झाला होता. "उठून उभी राहा, उकिरड्या. असं ओरड, की ज्याला कुणाला तू हवी असशील, त्याला कळू दे, तू इथे आहेस आणि इथून हलणार नाहीस."

सुमिना उठली. कमरेवर हात ठेवले, थेट आईसारखे, आणि बंदरापर्यंत जाईल इतक्या जोरात ओरडली, "हजर!"