विमानाच्या चाकाला तेल

विमान उतरावं म्हणून सोलापूरबाहेरचा तो माळ मी सपाट केला होता. बैलगाडीने मुरूम वाहण्यापासून सुरुवात करून मी दोन लॉऱ्यांपर्यंत आलो होतो. रूळ फिरवलेली जमीन कशी असते हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. सकाळी विमान त्या माळावर पाटावर बसावं तसं अलगद उतरलं.

विमान लहान होतं. हौशी लोकांना फेरी मारून आणण्यासाठी एक गोरा वैमानिक ते घेऊन आला होता. स्वागत समितीचे अध्यक्ष वकील होते. त्यांनी विमानाची पूजा मांडली. आमच्या गावात दसऱ्याला मागाची, गाडीची पूजा होते तेव्हा नुसत्या हळदकुंकवाने भागत नाही. जे फिरतं त्याला तेल द्यावंच लागतं. वैमानिक पुढे हार घालून घेत होता, तेवढ्यात वकिलांनी शेपटाखालचं छोटं चाक ज्यावर वळतं त्या खुंटावर वाटीभर एरंडेल ओतलं.

पहिली फेरी संपवून विमान खाली आलं आणि ते चाक हिवताप भरल्यासारखं डावीउजवीकडे थडथडू लागलं. शेपूट असं हादरलं, की आत बसलेला कापडव्यापारी उतरल्या उतरल्या जमिनीवरच बसला.

"कंत्राटदार, हे मैदान केलंय की नांगरट?" वकील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"सकाळी इमान उतरलं तवा मैदान दुसरं हुतं व्हय?"

"सकाळी देवाची कृपा होती."

"मग देवानं दुपारी कृपा काढून घ्यायला मीच गावलो म्हणायचं!"

लोक हसले, पण मला हसले. माझं अंग पेटलं. त्या दिवशी मैदान वाईट ठरलं असतं, तर जिल्ह्यात पुन्हा कुणी मला रस्त्याचा हातभर तुकडाही दिला नसता.

मी सरळ शेपटाखाली आडवा झालो. खुंटाला हात लावला तर हात कोपरापर्यंत तेलकट. वैमानिक वाकून बघू लागला.

"तेल? किसने डाला?"

मी वकिलांकडे बोट केलं. तो इंग्रजीत जे पुटपुटला ते मला भाषा न येताही कळलं. मग मोडक्या हिंदुस्तानीत त्याने सांगितलं, की खुंटाला आवळून धरणारी एक चकती असते, ती कोरडी असली तरच चाक सरळ राहतं. लॉरीच्या ब्रेकला तेल लागलं की जे होतं, तेच इथे झालं होतं. चकती तेल पिऊन गुळगुळीत झाली होती.

माझ्या लॉरीत ब्रेकचं नवं अस्तर होतं. त्यातून चकतीच्या मापाचा गोल तुकडा मी कापला आणि मुठीत धरला.

"पहले सबके सामने बोलो, मैदान अच्छा है. फिर लेव."

"बोलेगा. चकती बैठेगा, फिर बोलेगा."

त्याने हात पुढे केला. बाजारात आयुष्य गेलेला मी, तरी बोल घेण्याआधी माल दिला.

तो शब्दाला जागला. चकती बसवून झाल्यावर मंचावर चढून बोलला, पण इंग्रजीत. 'ग्राउंड' आणि 'गुड' मी नीट ऐकलं. त्याने माझ्याकडे बोट केलं, वाटी ओतल्याची खूणसुद्धा केली. मग वकील भाषांतर करायला उभे राहिले.

"साहेब म्हणतात, सोलापूरचं आदरातिथ्य तेलासारखं स्निग्ध आहे! आणि मैदानातल्या उणिवा ते मोठ्या मनाने विसरतात."

टाळ्या कडाडल्या. वैमानिकही हसून मान डोलवत होता. त्याला वाटलं, टाळ्या माझ्यासाठीच आहेत.

"खोटं! समदं खोटं!" मी ओरडलो. "ती वाटी कुटं हाय? दावा की लोकास्नी!"

दोघा स्वयंसेवकांनी मला दंडाला धरून मागे नेलं. तिथूनच मी विमान वर जाताना आणि उतरताना पाहिलं. चाक दोरी लावल्यासारखं सरळ धावलं.

वकिलांनी हात जोडले. "बघा, पूजा फळाला आली."

त्या दसऱ्याला मी माझ्या लॉऱ्यांना तेलाचा थेंब लावू दिला नाही. घरचे म्हणाले, अपशकुन होईल. म्हटलं, व्हायचाच असेल तर त्या वकिलाला होऊ दे.