झाकणाशिवाय दूध नाही

आमच्या कारखान्याच्या कॉलनीतलं दूध केंद्र रत्नप्रभाबाई काळमेघ चालवायच्या. बाई नागपूरकडच्या, आवाज खणखणीत. उघडं भांडं आणणाऱ्याला त्या दूध द्यायच्या नाहीत, मग तो इंजिनियर असो की हमाल. सोनागिरी शहरातले लोकही तिथूनच दूध न्यायचे आणि त्यातल्या निम्म्यांशी यावरून त्यांचं वाजलं होतं. माझ्याशीही.

शहरात दंगल झाली, कर्फ्यू लागला. कलेक्टर कचेरीनं पास दिले, कारखान्यानं केंद्रातलं दूध दिलं, फौजेनं ट्रक दिला. एवढं सगळं जमवून ट्रक भरलेलाच परत आला. वर्दी पाहून कुणी दारच उघडेना.

दुसऱ्या दिवशी मी कॅन चढवत होतो, तेवढ्यात बाई पदर खोचून ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. ट्रकबरोबर आलेले मेजरसाहेब म्हणाले, लेडीजना नेता येणार नाही.

"फिर दूध आप ही पी लीजिए," बाई म्हणाल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मेजरच मागे आमच्यात चढले.

पहिल्याच गल्लीत बाईंनी हाक दिली, "दूध आ गया. ढक्कन लाना, नहीं तो वापस भेजूँगी."

हा दम सगळ्यांच्या ओळखीचा होता. एक दार किलकिलं झालं, मग दुसरं, मग अख्खी गल्ली पातेली घेऊन बाहेर आली. जवान कॅन उतरवू लागले.

एक म्हातारा उघडी कढई घेऊन पुढे आला. बाई तोंड उघडणार, तोच मेजर कडाडले, "चाचा, ढक्कन कहाँ है?"

गल्ली खदखदून हसली. आणि दोन दिवस कडी न काढलेला तो म्हातारा, फौजेला शिव्या घालत, झाकण आणायला पळाला.